फळ्या मिटल्या तो हिवाळा

पावसाळाभर अडून बसलेले दार आज सकाळी बोटाच्या धक्क्याने मिटले. आषाढात त्याला खांदा लावावा लागतो, श्रावणात ते उंबऱ्याशी भांडते, भाद्रपदात तर मी ते मिटण्याचा नादच सोडून देते. आज मात्र ते असे अलगद सरकले की मीच दचकले. मग देवघरातला पाट आपल्याशीच 'टक्' असे बोलला, आणि मला कळले की थंडी आली.

इतरांना हिवाळा कशाकशावरून कळतो. कुणाला हरभऱ्याच्या आंबूस ओल्या पानांवरून, कुणाला शेकोटीच्या धुरावरून, कुणाला आंघोळीनंतर हातापायांवर उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांवरून. मला तो लाकडावरून कळतो. ज्या झाडाचे हे दार झाले ते तोडून किती वर्षे लोटली असतील, कोण जाणे. मुळे गेली, साल गेली, पानांचा तर मागमूसही उरला नाही. तरी बाहेरची हवा कोरडी झाली की ते अंग चोरते, ओली झाली की अंग धरते. त्याला हे कोण सांगते? हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो नवापूरला, नानांच्या घरी, एका हिवाळ्यात. आज नंदुरबारच्या या घरात दार मिटता मिटता तो सारा हिवाळा पुन्हा उघडला.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची नवापूरला लाकडाची वखार होती. वडील खापरला जंगलाच्या नाक्यावर कारकून होते. खापरला माझी मराठी चौथी झाली, पुढे मुलींसाठी वर्ग नव्हता. आणि नानांना मुलगी नव्हती, म्हणून मोठ्या मायने, म्हणजे नानांच्या बायकोने, मला आपल्याकडे मागून घेतले. "पोर आठे ऱ्हाई, मालेबी सोबत व्हई," असे ती म्हणाली आणि माझी पत्र्याची पेटी बैलगाडीत चढली.

वखारीचा वास मला अजून डोळे मिटून ओळखता येईल. नुकत्याच कापलेल्या सागाला एक तुरट, तेलकट, चामड्याजवळ जाणारा वास असतो, शिसवाला गोडसर, आणि खैराला जवळजवळ काहीच नाही, जणू त्याचे मन दुसरीकडे आहे. रंगावली नदीच्या बाजूने वारा आला की हे तिन्ही वास घरात शिरत आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीत मिसळत. माडीवर गेले की मात्र फक्त साग असे. कारण माडीची सगळी जमीनच सागाची होती.

तशा लाकडी माड्या गावात आणखीही होत्या. पण त्यांच्या फळ्यांवर माती पसरून, चोपून, वर शेणाने सारवलेले असे. फळी खालून दिसायची, तक्तपोशी म्हणून. वरून पायाला लागायची ती मातीच. नानांनी माती टाकलीच नाही. उघड्या फळ्या, एकीला एक भिडवलेल्या, त्यावर अळशीच्या तेलाचे हात. बांधकाम झाले ते मी आले त्याच वर्षी, भाद्रपदात, कारण पावसामुळे वखार थंड होती आणि सुतार रिकामे होते. दोन फळ्यांमध्ये दोरा शिरता कामा नये असा नानांचा हट्ट. सुतारांनी फळ्या ठोकून ठोकून अशा बसवल्या की खरोखर दोरा शिरत नव्हता. लोक चपला काढून बघायला येत आणि पायाखालच्या त्या गुळगुळीत तांबूस अंधारात आपली सावली शोधत.

मोठ्या मायला ती जमीन कधीच पटली नाही. तिच्या हातांना दर आठवड्याला शेणाचा गोळा आणि पाण्याची बादली लागे. माडीवर गेली की ती कमरेवर हात ठेवून उभी राही. "जी सारवाले येस नही, ती जमीन कसानी?" ती विचारी. नाना हसत आणि मिशीवरून बोट फिरवीत.

कार्तिक सरला तसे त्यांचे बोट मिशीवर थांबू लागले. साताऱ्या-पुण्याकडे थंडी बोचते म्हणतात. आमच्याकडे ती शोषते. ओठ फुटतात, डोक्याचे तेल तासाभरात कुठे जाते कळत नाही, बायकांच्या टाचा काळ्या शेताच्या तुकड्यांसारख्या तडकतात. त्या वर्षी मोठ्या मायच्या टाचा आणि नानांच्या फळ्या एकाच आठवड्यात तडकल्या. ती रोज संध्याकाळी टाचांत मेण भरी आणि वर बघून म्हणे, आता तिकडेही भरू का. दुपारच्या शांततेत माडी आपोआप वाजे: टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. फळ्या एकमेकींपासून दूर होत होत्या. दोऱ्याचे सोडा, एके ठिकाणी माझ्या करंगळीचे नख शिरले.

गावाला विषय मिळाला. लाकूडवाल्याच्याच घराची ही दशा. "नानानी जमीन दात काढी ऱ्हायनी," असे बाजारात कुणी म्हटले आणि ते वाक्य आमच्या आधी घरी पोचले. नाना रागावले नाहीत. ते माडीवर पालथे पडून फटीला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले आणि उठून अंगरखा झटकत म्हणाले, "जल्मभर लाकूड इकं, पन लाकूडवर कधी चालनू नही." पावसाने फुगलेली फळी त्यांनी पावसातच घट्ट बसवली होती. विकणाऱ्याला लाकूड गाडीत चढेपर्यंतच माहीत असते; त्याचे पुढचे ऋतू विकत घेणारा बघतो.

फटींनी माडीचे काय केले ते मी सांगितले. खालच्या खोलीचे काय केले ते मात्र फक्त मला ठाऊक आहे.

माडीच्या खाली कोठीची खोली होती. एका बाजूला भाताच्या कणग्या, मध्ये उखळ, आणि भिंतीशी मी आणि माझे सूप. सकाळचे ऊन माडीच्या खिडकीतून आत येई आणि फटींतून गाळून खाली उतरे. कोठीच्या काळोखात उजेडाच्या बारीक रेघा पडत, पाटीवर पट्टीने ओढाव्यात तशा. त्यांतून धूळ खाली येई, इतकी सावकाश की ती पडते आहे की वर चढते आहे हे ठरवता येत नसे. मी तांदूळ निवडायचे सोडून बघत बसे. आणि मग एके सकाळी त्या रेघांमधून शब्द खाली आले.

वर मास्तर दादाला शिकवीत होते. दादा म्हणजे नानांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला पुढच्या परीक्षेसाठी मराठी आणि संस्कृत पक्के करून द्यायला शाळेतले एक मास्तर सकाळी येत. देशावरून बदलून आलेले, शुद्ध बोलणारे, खोकण्याआधीही क्षणभर विचार करणारे गृहस्थ. पावसाळ्यातही ते येतच होते. पण तेव्हा फळ्या घट्ट होत्या आणि खाली नुसती गुणगुण पोचे, भांड्यात कोंडलेल्या भुंग्यासारखी. आता एकेक अक्षर सुटे होऊन खाली पडत होते. मी तोंड वर करून बसले. डोळ्यांत धूळ गेली तरी बसून राहिले.

मास्तर वृत्ते शिकवीत होते. कवितेच्या ओळीत काही अक्षरे हलकी असतात, लघु. काही जड, गुरू. ती ठरावीक क्रमाने आली की ओळ चालू लागते. हे दादाच्या डोक्यात शिरावे म्हणून मास्तर सतरंजी बाजूला सारून फळीवरच ठोके देत. लघूला बोटाचे पेर, गुरूला मूठ. टक् ठाक् ठाक्. टक् ठाक् ठाक्. आमच्या डोक्यावर सारे लाकूड वाजे. मोठी माय वर बघून म्हणे, "हाऊ मास्तर शे का सुतार?"

मी वर का जात नव्हते, असे आज माझी मुलगी विचारते. त्या वेळी हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. मी एकदा नानांजवळ भीत भीत शब्द टाकला होता. ते चिडले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की चौथी झाली, लिहिता-वाचता येते, आता पावसाच्या आत तुझे लग्न करायचे आहे. परक्या पुरुषासमोर लग्नाची मुलगी बसवणे त्यांच्या मनातही येणे शक्य नव्हते. म्हणजे माझ्या हाती होता तो हा एवढा हिवाळा. उन्हाळ्यात मास्तर सुट्टीवर जाणार, आणि पावसात फळ्या फुगतील तोवर मी या घरात नसणार. माझी शाळा करंगळीच्या नखाएवढी रुंद होती, आणि ती फक्त थंडीत भरत होती.

एकदा मास्तरांनी विचारले, "'पत्र' या शब्दातला 'प' लघु की गुरू?"

दादा म्हणाला, "लघु."

"नीट बघ. त्याच्या पुढे काय आहे?"

वर पान उलटल्याचा आवाज आला. धूळ सावकाश उतरत होती. मला उत्तर येत होते. आदल्या दिवशीच मास्तरांनी सांगितले होते की जोडाक्षराच्या आधीचे अक्षर दिसायला लहान असले तरी जड होते. सुपातून नजर न काढता मी म्हटले, "गुरू."

मला वाटले होते की मनात म्हटले. पण फट दोन्हीकडून उघडी असते. वरून मास्तरांचा आवाज आला, "बरोबर. आता तोंडातल्या तोंडात न बोलता मोठ्याने म्हण." आणि दादाने मोठ्याने म्हटले, "गुरू."

दुपारी तो कोठीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मी घाबरले, पण त्याच्या चेहऱ्यावर सापडलेल्या खजिन्याचा आनंद होता. "इंदे," तो म्हणाला, "तुले ये बठ्ठं समजस?" सगळे समजते, अशी मी मान डोलवली. तेव्हापासून आमचा करार झाला. अडला की तो पायाच्या अंगठ्याने फळी दोनदा खरवडायचा, आणि मी फटीखाली जाऊन उत्तर सोडायची. मोठी माय शेजारीच साळ निवडत असे. तिला न कळणे शक्य नव्हते. एकदा ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुन्हा कान तक्तपोशीले टांगेल शेतस का? कधी उतारशी?" पण तिने ते नानांना सांगितले नाही.

त्या जोडाक्षराचा नियम मी नंतर आयुष्यभर पुष्कळदा मनात घोळवला. अक्षर तेच, एका मात्रेचे, पोरवयाचे. पण पुढून भार येणार असला की आधीच जड होऊन बसते. तो हिवाळा माझ्या आठवणीत इतका जड का, याचे दुसरे कारण मला देता येत नाही.

मग सुरतेच्या शेठजींचा निरोप आला. ते संक्रांतीच्या सुमाराला लाकूड बघायला येणार होते, आणि त्यांना आपल्या नव्या बंगल्यात अशीच उघड्या फळ्यांची जमीन करायची होती. नानांच्या माडीची कीर्ती पावसाळ्यात सुरतेला पोचली होती. तिचे दात अजून पोचले नव्हते. नानांनी निरोप ऐकला, वर जाऊन एक फेरी मारली, आणि खाली येऊन जाहीर केले की फटी मिटवायच्या.

कशाने? लाखेने भरल्या तर पावसात फळ्या फुगून एकमेकींना उचलतील. पुन्हा ठोकल्या तर तेच. पाण्याने पुसल्या? तेही एका कोपऱ्यात करून झाले होते; फळीच्या कडा पापडासारख्या वर आल्या होत्या. नाना दोन दिवस फळ्या बोटांनी चाचपत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, पावसाळ्यात या जमिनीवर कुणी पाणी ओतले होते का? कुणीच नाही. मग ती फुगली कशी? आणि स्वतःच उत्तर दिले, "लाकूडले पानी नही, पानीनी हवा पाहिजे."

हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अर्धा आनंदाने, कारण मला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. अर्धा भीतीने, कारण नानांना जमले तर माझी शाळा बंद होणार होती. दोन्ही भावना एकाच वेळी एवढ्या पूर्ण असू शकतात हे मला तोवर माहीत नव्हते.

आता प्रश्न असा की घरातल्या घरात पावसाळी हवा आणायची कशी, आणि ती आली हे ओळखायचे कसे? दुसऱ्याचे उत्तर मोठ्या मायच्या डब्यात होते. उडदाचा पापड. कोरड्या हवेत तो कडक राहतो, ओल्या हवेत मऊ पडतो; हे खानदेशात पोराटोरांनाही ठाऊक असते. नानांनी माडीच्या चारी कोपऱ्यांत दोऱ्याने पापड टांगले. मोठी माय म्हणाली की या घरात आता भिंतीही जेवणार. रोज सकाळी पापड दाबून बघायचे काम माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने मास्तर येण्याआधी का होईना, मला माडीवर जायला मिळाले. मी फटींना वरून बघितले. वरून त्या अगदी साध्या दिसत. नुसत्या काळ्या रेघा. यांच्या खाली कुणी बसले असेल असे कुणालाही वाटले नसते.

पहिला प्रयोग वाफेचा. माडीच्या मधोमध शेगडी, तिच्यावर हंडा, हंड्यात खळखळणारे पाणी. मास्तरांच्या चष्म्यावर वाफ धरली आणि त्यांना पुस्तक दिसेना. त्यांनी तो दिवस पाठांतरावर भागवला. आतल्या कोपऱ्यातला पापड लोळागोळा झाला, खिडकीजवळचा तसाच कडक राहिला, आणि शेगडीखालच्या फळ्या निखाऱ्याच्या उष्णतेने उलट जास्तच उकलल्या. मला त्या दिवशी आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रयोग वाळ्याचा. उन्हाळ्यासाठी गुंडाळून ठेवलेले पडदे काढून खिडक्यांना लावले आणि त्यांवर पाणी शिंपडले. तो वास मला आजही आठवतो. मार्गशीर्षाच्या थंडीत वैशाखाचा सुगंध. जणू कुणी ऋतूंची पाने चुकीच्या क्रमाने बांधली होती. सारे घर गारठले. दादा शिंकू लागला, मास्तरांचा विचारपूर्वक खोकला अविचारी झाला, आणि पडद्यांनी उजेड अडल्यामुळे माझ्या कोठीतल्या रेघाही विझल्या. पण पापड चारी कोपऱ्यांत थोडे थोडे नरमले. नाना खूश झाले. फक्त माणसे टिकायला हवी होती.

इथे दादाने आपल्या परीने शर्थ केली. माझ्याशिवाय परीक्षेत निभाव लागणार नाही हे त्याला पुरते कळले होते. शेगडीच नानांना पसंत पडावी, म्हणजे फटी राहतील, असे त्याने ठरवले. नानांनी पुन्हा एकदा शेगडी लावून बघितली, तेव्हा दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचा पापडसुद्धा मऊ लोण्यासारखा निघाला. नाना चकित झाले. मोठ्या मायने तो दोऱ्यावरून काढला, दोन बोटांत धरला, वास घेतला आणि एक तुकडा तोंडात टाकला.

"येले हवा नही लागनी," ती चघळत म्हणाली. "येले पानी लायेल शे."

दादा खिडकीतून बाहेर बघू लागला. नानांनी त्याच्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि काही न कळून पुन्हा पापडाकडे बघितले. मला त्या क्षणी मोठ्या मायचा राग आला. ती खोटे बोलली असती तर काय बिघडले असते? पण पापडाच्या बाबतीत खोटे बोलणे तिच्या जिभेला जमणारे नव्हते.

शेवटचा उपाय तिनेच काढला, आणि तोही डोके चालवून नव्हे, तर कुरकुरून. उन्हाळ्यात माठाखालची भिंत कशी ओली होते आणि चुन्याचे पोपडे कसे पडतात, याबद्दल ती दरवर्षी बोले. त्या दिवशीही बोलली. नाना पाटावरून अर्धे उठले. माठ. नवा माठ. शेगडी नाही, धूर नाही, गारठा नाही. पाणी आत, वारा बाहेर, आणि मधल्या मातीतून सावकाश पाझरणारी ओल.

आठवड्याच्या बाजारी आम्ही कुंभारणीकडे गेलो. मोठी माय एकेक माठ उचलून त्यावर बोटाने टिचकी मारी. खणखणीत वाजला की बाजूला ठेवी. जरासा मुका, सच्छिद्र वाटला की घेई. कुंभारीण बघत राहिली. "माय, लोके न गळनारा माठ मांगतस," ती म्हणाली, "तुम्ही गळनारा मांगी ऱ्हायनात?" मोठी माय म्हणाली की आमच्या घरी माणसांना नाही, जमिनीला तहान लागली आहे. दोघी हसल्या. मी माठावर तळवा ठेवला. कोरड्या भाजक्या मातीने माझ्या हाताची ओल तिथल्या तिथे पिऊन टाकली.

माडीच्या चारी कोपऱ्यांत तिवयांवर माठ बसले, खाली परात, म्हणजे थेंब फळीवर पडू नये. ते भरण्याचे काम अर्थातच माझे. सकाळी मास्तर येण्याआधी आणि संध्याकाळी दिवा लावण्याआधी. विहिरीवरून घडा, जिना, माठ, पुन्हा विहीर. प्रत्येक घड्याबरोबर मी माझ्याच शाळेचे दार थोडे थोडे लोटत होते. तरी पाणी ओतताना माठाच्या अंगावर घामासारखी ओल फुटताना दिसे, तेव्हा मी थांबून बघे. आधी बुडाशी एक गडद कडा, मग ती वर चढे, वेलीसारखी वाकडीतिकडी, आणि मग सगळा माठ एकदम रंग बदले. सुंदर गोष्ट आपल्या विरुद्ध घडत असली तरी सुंदरच दिसते, हे मी तिथे शिकले.

पापड हळूहळू नरमले. ओढून आणलेला पाऊस नव्हता हा. नुसती पावसाची आठवण होती. फळ्यांना तेवढी पुरत होती.

खाली कोठीत आधी उजेड गेला. भिंतीवरच्या रेघा बारीक होत होत केसासारख्या झाल्या आणि एक दिवस उरल्याच नाहीत. मग शब्द जाऊ लागले. पण ते एकदम गेले नाहीत, आणि ज्या रीतीने गेले तिचे मला आजही नवल वाटते. आधी 'स' आणि 'श' गेले, वाऱ्यासारखी अक्षरे. मग 'त' आणि 'क' यांच्या कडा झिजल्या. काही दिवस नुसते स्वर उरले, आ आणि ओ, दूरच्या डोंगरावरून कुणी कुणाला हाक मारावी तसे. मी कणगीवर चढून तक्तपोशीला कान लावला. गार लाकूड, अळशीचा वास, आणि आत कुठेतरी ती पावसाळी गुणगुण. दादाने अंगठ्याने दोनदा खरवडले. मी उत्तर दिले. त्याने पुन्हा खरवडले. माझा आवाज वर पोचत नव्हता.

मी खाली उतरले आणि उखळापाशी बसले. मोठ्या मायने माझ्याकडे बघितले आणि मुसळ माझ्या हातात दिले. साळ कांडायची होतीच.

वर मास्तर ठोके देऊ लागले. टक् ठाक् ठाक्. मी मान वर केली. आवाज अगदी स्पष्ट होता, आधीपेक्षाही स्पष्ट. तेव्हा ठोके फटींशी अडखळत, एका फळीवरचा दुसरीला नीट पोचत नसे. आता सगळ्या फळ्या अंगाला अंग लावून एक झाल्या होत्या आणि माडीचा मोठा मृदंग झाला होता. शब्द थांबवणाऱ्या ओलीने ठोक्यांना वाट करून दिली होती. एक हलका, दोन जड. एक हलका, दोन जड. भुजंगप्रयात. सापाच्या चालीचे वृत्त, असे मास्तरांनी फटी उघड्या असताना सांगितले होते.

नकळत माझे मुसळ त्या चालीने पडू लागले. मग ठोके थांबले, दादाने अंगठ्याने खरवडले, आणि मला सुचले की चालीचे उत्तर चालीनेही देता येईल. मी हलका ठोका दिला आणि मागून दोन जड. वरून दादाचा हर्षभरित आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण हर्ष कळला. मोठी माय सूप थांबवून म्हणाली, "तू साळ कांडी ऱ्हायनी का दादाले शिकाडी ऱ्हायनी?"

मास्तरांना कळले होते का? एकदा असे झाले की त्यांनी एक चाल ठोकली, ती शेवटी अर्धीच सोडली, आणि थांबले. दादाचा अंगठा वाजला नव्हता. ते कुणाच्या उत्तरासाठी थांबले होते? मी दोन जड ठोके देऊन ओळ पुरी केली. वरून काही आले नाही. फक्त पुढची चाल सुरू झाली, थोडी अवघड. हा प्रश्न मी सोडवायचा प्रयत्न केला नाही. काही फटी उघड्या राहिलेल्या बऱ्या.

संक्रांतीला शेठजी आले. अनवाणी पायांनी माडीभर फिरले, वाकून बोटाने सांधे चाचपले, आणि चार कोपऱ्यांतल्या चार माठांकडे बघून विचारले की इथे इतकी तहान कुणाला लागते? नानांनी माठ दाखवले, पापड दाखवले आणि आपली भाद्रपदातली चूकही सांगून टाकली. शेठजींना माडीपेक्षा ती चूक जास्त आवडली. आपली माडी ते उन्हाळ्याच्या तोंडी, फळ्यांना फुगायला जरा जागा सोडून, बसवणार होते. तिळगूळ खाताना सगळे हसत होते. दादा त्या वर्षी पास झाला, कसा ते तो कुणाला सांगत नाही. उन्हाळ्यात माझे लग्न झाले आणि मी नंदुरबारला आले, मातीच्या, सारवलेल्या, कुठेही न तडकणाऱ्या जमिनीवर. हे सारे ठरल्याप्रमाणे झाले.

जे ठरले नव्हते ते संक्रांतीच्या थोडे आधी झाले. वर तीच चाल चालू होती. शब्दांशिवाय ती मला आता छळू लागली होती. रिकाम्या घड्यांची रांग असावी आणि कुणीच त्यांत काही ओतू नये, तशी. मास्तर वर त्या चालीत कुणा कवीचे काय भरत होते ते मला कळण्याची वाट उरली नव्हती. त्या सकाळी उशीर झाला होता, शेवटचा घडा जिन्याच्या माथ्याशी ठेवून यायचा होता; मी विहिरीवरून आले, घडा कमरेवर, पाणी काठाशी हिंदकळत होते, आणि जिन्याच्या पायऱ्या पायांना आपोआप त्या चालीने लागत होत्या. एक हलकी, दोन जड. माझ्या तोंडून निघाले:

"जळाचा घडा मी भरूनी निघाले"

मी जिन्यातच थांबले. अक्षरे बोटांवर मोजली. पुन्हा म्हटले. प्रत्येक अक्षर आपल्या जागेवर बसले होते, दोरा शिरणार नाही असे. वर मास्तरांचा हात फळीवर पडत होता आणि माझी ओळ त्याच्याखाली अचूक चालत होती. पाणी पदरावर सांडले तरी मला कळले नाही.

जिन्याखाली मोठी माय उभी होती. तिने ऐकले होते. ओव्या तिला पुष्कळ येत. ही तिने कधी ऐकली नव्हती.

"कोनं गानं शे हाई?" तिने विचारले.

मी तक्तपोशीकडे बघितले. एकही फट नव्हती. वरून काही पडणे शक्यच नव्हते.

"मन्हं," मी म्हटले.